हल्ली पाहिलेले सिनेमे आणि मुंबईतली दहा बाय दहाची खोली

शेवटची रांग

गेल्या काही महिन्यांत जे पाहिलं त्याबद्दल सुचेल तसं लिहितेय. कथानकं फुटणार आहेत, तेव्हा ज्यांना कोरं पाहायचंय त्यांनी आधी सिनेमे बघून या.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' दुसऱ्यांदा पाहिला. २०२४ साली तो आला तेव्हा फ्रान्समधल्या कान महोत्सवातल्या ग्राँ प्री पारितोषिकाबद्दल, तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत पोचल्याबद्दल इतकं वाचलं होतं की पहिल्या वेळी सगळं लक्ष त्यातच गुंतलं. या वेळी फक्त माणसांकडे बघत बसले. प्रभा आणि अनू, दोघी मल्याळी नर्स, मुंबईत एकत्र राहतात. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेलाय आणि आता त्याचा फोनही येत नाही. अनूचं शियाझवर प्रेम आहे आणि त्या दोघांना अख्ख्या मुंबईत निवांत बसायला जागा नाही. त्याच्या घरचे लग्नाला बाहेरगावी जाणार असं कळतं. त्याच्या वस्तीत कुणाच्या नजरेत न येता शिरायचं म्हणून अनू बुरखा विकत घेते. मग पाऊस येतो, गाड्या बंद पडतात, घरचे घरीच राहतात, बेत फसतो. दिग्दर्शिका पायल कपाडियाने यावर आरडाओरडा करणारा प्रसंग रचलेला नाही. पाऊस पडला, एवढंच घडतं. पण त्या पोरीने बुरख्याला घातलेले पैसे आणि दिवसभर मनात धरलेली आशा आपल्याला कळते, आणि जीव तुटतो.

बँडस्टँडला खडकांवर छत्री उघडून, रस्त्याकडे पाठ करून बसलेली जोडपी सगळ्यांनी पाहिली असतील. बाहेरून आलेले पाहुणे त्यांच्याकडे बोट दाखवून हसतात. मला कधी हसू आलं नाही. घरी खोली एकच, तीत आईवडील, भाऊवहिनी, शाळेतली भाचरं. दार लावायची सोय नाही, लावलं तर शेजारी विचारणार. मग समुद्राकडे तोंड करून बसणं एवढाच काय तो आडोसा. हे इतकं रोजचं आहे की आपण त्याबद्दल बोलतच नाही, आणि या सिनेमात ते अचानक समोर येऊन बसतं.

राइस कुकरचा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते. जर्मनीत बनलेला, लालचुटूक, कुणी पाठवलाय ते सांगणारी ओळही सोबत नाही. रात्री प्रभा जमिनीवर बसून त्याला मिठी मारते. कनी कुश्रुतीने तिथे चेहऱ्याने जवळजवळ काहीच केलेलं नाही, आणि तरी त्या बाईची इतक्या वर्षांची उपासमार दिसते. सिनेमात मध्येमध्ये जो पियानो वाजतो तो एमाहोय त्सेगे मरियम गेब्रू या इथिओपियन जोगिणीचा आहे. मुंबईच्या पावसावर इथिओपियातला पियानो इतका चपखल बसेल असं ऐकण्याआधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

दुसरा 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमा विभागात सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला मराठी सिनेमा, हे मी दर वेळी अभिमानाने सांगते. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील वारल्यावर दहाव्यापर्यंत गावी राहतो. गावात बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. बाकी गोष्ट तुम्ही बघा. पार्श्वसंगीत नाही. शेताचे, जनावरांचे, माणसांच्या कुजबुजीचे आवाज तेवढे. घरात सुतक, नातेवाईकांची गर्दी, प्रत्येकाच्या तोंडी लग्न कधी करणार हाच प्रश्न. आणि या सगळ्याच्या बाहेर माळरान. तिथे दोन पुरुष शेजारी शेजारी बसू शकतात, आडवे पडू शकतात, काही न बोलता राहू शकतात. मुंबईत माणूस गर्दीत हरवतो, गावात सगळ्यांच्या डोळ्यांत असतो, असं आपण ऐकत आलो. या सिनेमात उलट घडतं. आनंदला मोकळा श्वास घ्यायला माळावर जावं लागतं.

आईचं काम केलेल्या जयश्री जगताप यांच्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं. मुलाचं सगळं माहीत असलेली, त्याला नातेवाईकांपासून झाकून घेणारी आई. एकही ठासून बोललेलं वाक्य नाही. मराठी सिनेमातली आई पदर डोळ्याला लावून बोलायला लागली की मी हल्ली आवाज कमी करते. ही आई मात्र मला अजून महिनाभर पुरेल.

'स्थळ' ओटीटीवर पाहिला. जयंत सोमलकर यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातलीच माणसं घेऊन केलेला. आवडला, फार आवडला, पण त्यावर त्या भागातल्या कुणी लिहिलं तर जास्त बरं.

आणि शेवटी चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' पुन्हा. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद नेरूळकर रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो, कानात त्याच्या गुरुजींच्या गुरू माई यांची जुनी व्याख्यानं, पडद्यावर सगळं संथ झालेलं. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. सिनेमा नेटफ्लिक्सवर आला त्याच्या काही दिवस आधीच, एप्रिल २०२१ मध्ये, त्या गेल्या. त्या आवाजात जी ठाम, कठोर माया आहे ती आता दुप्पट लागते. मला या वेळी लक्षात आलं की शरदचा रियाज, शिकवण्या, आजी, गुरुजींची सेवा या सगळ्यात त्याला स्वतःशी राहायला मिळतं ते फक्त त्या गाडीवर. मुंबईत रात्री दीड वाजता पूल मोकळा मिळणं ही सुद्धा एक खोलीच आहे.

तुम्ही काय पाहिलंत? विशेषतः ज्यांनी पहिले दोन पाहिलेत त्यांनी लिहा.

गिरणगावकर

ताई, पार्वतीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत! आमच्या घरात 'ऑल वी इमॅजिन' हा सिनेमा पार्वतीचाच आहे.

छाया कदम यांनी केलेली पार्वती प्रभा-अनूच्याच रुग्णालयात स्वयंपाकी आहे. नवरा गिरणी कामगार होता, आता नाही. बिल्डर खोली खाली करायला सांगतोय आणि बाईकडे ती खोली आपली आहे हे दाखवणारा एकही कागद नाही. इतकी वर्षं राहिली, संसार केला, पण कागद नाही. हा प्रसंग लिहिणाऱ्याने आमच्या लालबाग-परळ भागात किती बैठका पाहिल्या असतील कुणास ठाऊक. आमच्याकडे प्रत्येक इमारतीत अशी एक तरी बाई आहे. भाडेपावती सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्डात नवऱ्याचं नाव, लाइटचं बिल दिराच्या नावावर. माणूस गेला की बाई एका दिवसात बेकायदेशीर होते.

तरुण वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे ठरलं होतं: एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. म्हणजे गिरणी पाडून मोकळी होणारी जागा वाटणीतून बाहेर. २००६ ला सर्वोच्च न्यायालयातही ते टिकलं. आज लोअर परळला काचेच्या ज्या इमारती दिसतात त्यांच्या पायाखाली हे गणित आहे.

म्हणून प्रभा आणि पार्वती रात्री त्या आलिशान टॉवरच्या जाहिरातीवर दगड मारतात तेव्हा मी खुर्चीत उठून बसलो. दोन प्रौढ, कष्टकरी बायका, दिवसभराचं काम संपवून, दगड मारतायत आणि हसतायत. माझी आई शेजारी होती. ती म्हणाली, "अजून एक मार."

छाया कदम कानला आईची साडी नेसून, आईची नथ घालून गेल्या होत्या, तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होता.

रात्रपाळी

मी स्वतः परिचारिका आहे, नोकरीला पंधराहून जास्त वर्षं झाली. सिनेमात रुग्णालय दिसलं की मी धास्तावते, कारण पडद्यावरची नर्स एक तर देवी असते नाही तर डॉक्टरांच्या मागे ट्रे धरून उभी. इथे पहिल्यांदा आमचं काम काम म्हणून दिसलं. नव्या मुलींना शिकवताना प्रभा जशी करडी होते, तशा आमच्या सिस्टर होत्या आणि आता मी आहे. अनू काउंटरवर बसून कंटाळते, स्टेथोस्कोप स्वतःलाच लावून बघते. अगदी हेच करतो आम्ही दुपारी तीनला. तीन मुलांच्या त्या तरुण आईला ती हळूच गोळ्या देते, कारण नवरा शस्त्रक्रियेला तयार नाही. असे निर्णय आमच्या हातून रोज होतात आणि कुठल्याच कागदावर येत नाहीत.

एक गोष्ट मात्र ताईंनी निसटती लिहिली. प्रभा आणि अनू यांच्यात ताई-धाकटी असं जे आहे त्यात पैसा आहे. अनू भाड्याचा वाटा प्रभाकडून भरून घेते, प्रभा भरते आणि मनात धरून ठेवते. खोली वाटून घेणाऱ्या बायकांची मैत्री अशीच असते. एकमेकींचं सगळं माहीत, कुणी कधी येतं, कुणाचा फोन येत नाही, कोण रात्री जागी आहे. आणि तरी विचारायचं नाही. मी हॉस्टेलमध्ये चौघींत राहिले आहे. त्या चौघींपैकी एकीच्या लग्नात मी करवली होते, एकीशी आज बोलणं नाही. सिनेमाने हे दोन्ही धरलंय.

वैनगंगा

'स्थळ'वर लिहायचं निमंत्रण मी घेते. माहेर चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता बोरिवलीला.

मुंबईतल्या मैत्रिणींनी हा सिनेमा पाहून विचारलं, अजून असं होतं? होतं. पाहुणे येतात, खुर्च्या मांडल्या जातात, गड्यांची रांग बसते, पोरीला मधोमध बसवतात. नाव सांग, शिक्षण सांग, उंची सांग. उत्तर ऐकलं जातं असंही नाही. पोरगी आत गेली की बाहेर कुजबुज, मग रंग, मग हुंडा. दिग्दर्शकाने हे एकदा दाखवून सोडलं नाही. तोच प्रसंग, तीच मांडणी, पुन्हा, पुन्हा. दुसऱ्या वेळी थिएटरात लोक हसले, कारण प्रश्न तेच होते. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. ही पुनरावृत्ती सिनेमाचा कणा आहे, आणि ज्यांना ती कंटाळवाणी वाटली त्यांच्याशी माझा वाद आहे. सविताला, म्हणजे सिनेमातल्या त्या मुलीला, कंटाळा येण्याची मुभा नाही, मग आपण दोन तास बसायला काय हरकत?

सुरुवातीचा तो उलटा प्रसंग आठवा, जिथे बायका बसल्यात आणि मुलाला मधोमध बसवून प्रश्न विचारतायत. बाजूची एक मुलगी मोठ्याने टाळी वाजवत होती. मी पण वाजवली.

नंदिनी चिकटे या मुलीने सविता केलीये. समाजशास्त्र शिकणारी, स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा असणारी, वर्गात स्त्री सक्षमीकरणाचा धडा ऐकणारी. बाप कापूस पिकवतो, भाव नाही, आणि हुंड्यासाठी जमीन विकायची वेळ येते. बाप वाईट नाही हे फार महत्त्वाचं. वाईट बाप असता तर सिनेमा सोपा झाला असता.

आमची वऱ्हाडी-झाडीकडची बोली पडद्यावर आली की ती हसण्यासाठीच येते असं मी आयुष्यभर बघितलं. इथे माणसं आपल्या बोलीत दुःख करतात, हिशेब करतात, गप्प बसतात. माझ्या बाबांना फोनवर ट्रेलर ऐकवला तर ते म्हणाले, "हे तं आपल्या इथलंच होय." २०२३ ला टोरांटो महोत्सवात नेटपॅक हा आशियाई सिनेमांसाठीचा पुरस्कार मिळाला तेव्हा इथे फारशी बातमी नव्हती. मार्च २०२५ ला प्रदर्शित झाला तेव्हा खेळ शोधत फिरावं लागलं. पश्चिम उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये तिकीट काढलं होतं, तर तासभर आधी खेळ रद्द झाल्याचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊचा खेळ मिळाला. शनिवारी सकाळी साडेनऊला लग्न झालेली बाई घरातून सिनेमाला कशी निघते ते निघालेल्यालाच माहीत.

जुनी तिकिटं

तुम्हा सगळ्यांचं वाचून फार बरं वाटलं. माझं वय सत्तरीपुढे आहे, म्हणून थोडी जुनी भर घालतो.

शेवटची रांग, तुम्ही मुंबईत नवराबायकोला, प्रेमिकांना जागा नसण्याबद्दल लिहिलंत. हा विषय मराठी सिनेमाने १९७० सालीच घेतला होता. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई'. नवं लग्न, माणसांनी भरलेलं घर, आणि दोघांना एकमेकांशी दोन शब्द बोलायला कोपरा नाही. अरुण सरनाईक त्यात होते. 'का रे दुरावा' हे गाणं आजही लोक भावगीताच्या कार्यक्रमात ऐकतात, डोळे मिटून दाद देतात. पण ते गाणं आहे कुठलं, तर याच सिनेमातलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, आशाबाईंचा आवाज. ती विरहिणी वगैरे नाही, नवरा त्याच घरात आहे. हे ध्यानात घेऊन परत ऐका, काळजात वेगळी कळ येते. 'प्रथम तुज पाहता' आणि 'आज कुणीतरी यावे' ही सुद्धा त्यातलीच. त्यावरून बासू चटर्जींनी १९७२ मध्ये 'पिया का घर' केला, जया भादुरीला घेऊन. तिथे त्या दोघांचं अंथरूण स्वयंपाकघरात पडतं.

मग १९७७ चा 'घरौंदा'. भीमसेन यांचा. अमोल पालेकर आणि झरीना वहाब, दोघं नोकरी करणारे, घरासाठी पै पै साठवणारे. अर्धवट बांधकामांतून 'दो दीवाने शहर में' म्हणत फिरणारी ती जोडी. जयदेव यांचं संगीत, गुलजारांचे शब्द. बिल्डर पैसे बुडवतो. पुढे डॉ. श्रीराम लागूंचा श्रीमंत मालक त्या मुलीला मागणी घालतो, आणि मुलगाच तिला हो म्हण म्हणून सुचवतो, म्हातारा फार जगणार नाही या हिशेबाने. घराच्या हव्यासापायी माणूस कुठवर घसरतो! मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो, लग्न ठरत होतं, जागेमुळे अडलं होतं. त्या वर्षी दादरला हा सिनेमा पाहून बाहेर पडलेली कित्येक जोडपी एकमेकांशी न बोलता चालत होती.

पन्नास वर्षांत सिनेमाची भाषा किती बदलली बघा. 'मुंबईचा जावई'त घर प्रेमळ आहे, शेवटी सगळे मिळून तोडगा काढतात. 'घरौंदा'त बाजार आला. आणि पार्वतीपर्यंत येता येता असलेलं घरही हातातून चाललंय.

शेवटची रांग

काका, 'मुंबईचा जावई' मी कधी पूर्ण पाहिला नव्हता. तुमचं वाचून यूट्यूबवर लावला. 'का रे दुरावा' आमच्या घरी रेडिओवर लागायचं, मी ते नेहमी दूर गेलेल्या माणसाचं गाणं म्हणून ऐकलं होतं. तो पाठ फिरवून झोपलाय आणि ती तिथेच आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर गाणं पूर्ण बदललं. प्रभाच्या राइस कुकरपेक्षा हे लांब नाही. दोघींचे नवरे कागदोपत्री आहेत.

गिरणगावकर, पार्वतीबद्दल लिहिलं नाही कारण लिहायला बसले की थांबले नसते. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

रात्रपाळी, भाड्याच्या वाट्याचं तुम्ही अचूक पकडलंत. मी अनूच्या प्रेमात इतकी होते की प्रभाच्या पाकिटाकडे बघितलंच गेलं नाही. पुढच्या वेळी तेच बघणार.

वैनगंगाताई, खेळांच्या वेळांबद्दल: २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सांगितलं होतं की दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळात मराठी सिनेमाला खेळ द्यायचा. नियम आहे, तरी दर शुक्रवारी निर्माते खेळ मागत फिरतात हे आपण वाचतोच. मला स्वतःला सकाळचे खेळ चालतात, मी एकटी राहते. पण 'स्थळ' ज्या बायकांनी बघायला हवा त्यांना संध्याकाळचा सातचाच खेळ हवा. नवरा कामावरून आलेला, मुलं शेजारी सोडता येणारी. चांगल्या सिनेमाला प्रेक्षक नाही म्हणणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं.

देवगडी

मला 'ऑल वी इमॅजिन'चा उत्तरार्ध खटकला, स्पष्ट लिहितो.

पूर्वार्धातली मुंबई इतकी खरी आहे की प्रत्येक खोलीचा वास येतो. आणि पार्वतीबरोबर सगळे रत्नागिरीकडे गेले की सिनेमा स्वप्नात शिरतो. समुद्र, गुहेतल्या मूर्ती, झाडीत भेटणारे अनू आणि शियाझ, बुडता बुडता वाचलेला अनोळखी माणूस आणि प्रभाने त्याच्यात नवरा पाहणं. सुंदर आहे, नाकारत नाही. पण कोकण हे मुंबईकरांच्या सुटकेची जागा म्हणून वापरलं जातं, त्याचा आम्हाला वीट आलाय. तिथेही घरं आहेत, त्यांनाही कागदपत्रं आहेत, सामायिक सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत. ज्या जिल्ह्यातून गिरण्यांना माणसं गेली तो हाच जिल्हा. पार्वती परत गेली ती कुणाच्या घरात, भावकीने तिला काय म्हटलं, हे मला बघायचं होतं.

त्या तुलनेत 'दशावतार' मला जवळचा वाटला, जरी तो खूप ढोबळ सिनेमा आहे. सुबोध खानोलकर यांनी जमीन आणि खाण हा मुद्दा थेट घेतला. आणि दिलीप प्रभावळकर! वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, दृष्टी अधू झालेला बाबुली मेस्त्री, अंगात दशावतार भिनलेला. रंगभूषा करतानाचे त्यांचे हात बघा. आमच्या गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाला तिथे काही सांगावं लागत नाही.

शेवटची रांग

देवगडी, भावकीचा मुद्दा मान्य. तो सिनेमा असता तर मीही रांगेत उभी राहिले असते. पण या सिनेमाने ती सुटका फुकट दिलेली नाही असं मला वाटतं. पार्वतीला सुट्टी मिळालेली नाही, तिला हाकललंय. मुंबईत जे अनूला मिळालं नाही ते तिला तिथल्या झाडीत मिळतं, आणि ते मिळताना आपल्याला सतत जाणवतं की परवा परत जायचंय, त्याच वस्तीत, त्याच पावसात. प्रभाला त्या अनोळखी माणसाशी जे बोलायला मिळतं ते खरं घडतंय की नाही हे दिग्दर्शिका सांगत नाही. मला ते स्वप्न हवं होतं. तासभर त्या बायकांना दार नसलेल्या खोल्यांत पाहिल्यावर मला त्यांना आभाळाखाली बघायचंच होतं.

'दशावतार' आणि 'साबर बोंडं' सप्टेंबर २०२५ मध्ये आठवड्याच्या अंतराने लागले. एकात टाळ्या-शिट्ट्या, दुसऱ्यात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी दोन्ही पाहिले आणि दोन्हींत मराठी बोलणारी गर्दी होती. असा महिना वर्षातून चारदा तरी यावा.

प्रभावळकरांच्या हातांबद्दल शंभर टक्के.

गिरणगावकर

घरांचा विषय निघालाय तर 'कोर्ट' पुन्हा बघा. चैतन्य ताम्हाणे यांचाच, २०१४ चा. न्यायालयाचा सिनेमा म्हणून सगळे लक्षात ठेवतात. पण त्यातलं मला सगळ्यात भावतं ते म्हणजे कामकाज संपल्यावर कॅमेरा प्रत्येकाच्या मागे घरी जातो. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील मुलाला घेऊन घरी जाते, स्वयंपाक करते, जेवताना कुटुंब टीव्ही बघतं. दिवसभर एका शाहिराला तुरुंगात डांबायला युक्तिवाद करणारी बाई रात्री आपल्यासारखीच पोळ्या लाटते. विवेक गोंबरच्या वकिलाचं घर, त्याच्या आवडी, त्याचं एकटेपण वेगळं. तिन्ही-चारही घरं एकाच शहरात, आणि एकमेकांना कधी दिसणारही नाहीत.

आणि ज्याच्या मृत्यूवरून खटला आहे तो गटारात उतरणारा सफाई कामगार. त्याची बायको साक्षीला येते तो प्रसंग. खाली प्राणवायू आहे का ते तो कसा बघायचा? झुरळ बाहेर आलं तर उतरायचं. ती हे बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगते. शाहीर नारायण कांबळेंचं काम करणारे वीरा साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. संभाजी भगत यांची गाणी त्या सिनेमात नुसती वाजत नाहीत, साक्ष देतात.

१ मे २०२५ रोजी आलेला 'आता थांबायचं नाय' पाहिला तेव्हा मला सारखं 'कोर्ट' आठवत होतं. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खऱ्या घटनेवर आधारलेला. शिवराज वायचळ यांचा. बाज पूर्ण वेगळा, हसवतो, रडवतो, शेवटी उभं करतो. काही चित्रपटप्रेमी मित्रांनी नाकं मुरडली की फार गोड आहे. आमच्या इमारतीतल्या चौघांनी पालिकेत नोकरी केलीये. त्यांना घेऊन गेलो होतो. त्यातले एक काका मध्यंतरात म्हणाले, आमच्या कामावर सिनेमा निघाला आणि त्यात आम्ही मेलो नाही, हेच बघ. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव दोघांनीही जीव ओतलाय. मला दोन्ही सिनेमे हवेत.

रात्रपाळी

त्या काकांचं वाक्य वाचून अंगावर काटा आला.

'साबर बोंडं' काल पाहिला, ड्युटीवरून येऊन, दुपारी पडदे ओढून. ताईंनी आईबद्दल लिहिलंय त्यात एक भर. मरण झालेल्या घरात बायकांचं काम थांबत नाही हे त्या सिनेमात नीट दिसतं. पुरुष ओट्यावर नियम सांगतायत, आत चूल चालू आहे. ती बाई विधवा होऊन चार दिवस झालेत आणि सगळ्यांच्या जेवणाची काळजी तिलाच. मध्येच ती मुलाजवळ येऊन बसते तेव्हा मला कळलं की दिवसभरात ती पहिल्यांदा बसलीये.

वैनगंगा

'आता थांबायचं नाय' माझ्या सासूबाईंनी दोनदा पाहिला. त्यांचं शिक्षण सातवी. दुसऱ्यांदा पाहून आल्यावर त्यांनी रात्रशाळेची चौकशी केली. बोरिवली-कांदिवली भागात बायकांसाठी अशी शाळा कुणाला माहीत असेल तर इथे लिहा. संध्याकाळची वेळ हवी, साडेसातनंतर.

जुनी तिकिटं

दादर भागातल्या रात्रशाळांची मला माहिती आहे, पण ते तुमच्या सासूबाईंना लांब पडेल. माझा एक विद्यार्थी कांदिवलीला शिक्षक आहे, त्याला आज फोन करतो आणि उद्या इथेच लिहितो.

'कोर्ट' मी पाहिलेला नाही. तो या आठवड्यात.